फणा नसलेला नाग

मागच्या नागपंचमीला सकाळपासूनच मोबाईलवर नागाचे फोटो येऊन पडायला लागले. दुपारपर्यंत सतरा झाले होते. पंचमीला शेतात औत धरायचं नसतं, रिकामा वेळ होता, म्हणून मोजले. सतराच्या सतरा नाग फणा काढून उभे. एकाच्या मागं महादेवाची पिंड, दोघांच्या मागं मावळता सूर्य, आणि चार-पाच तर माझ्या ओळखीच्या पोरांनी आपल्याच शिवारात काढलेले. त्यांच्याखाली ओळ होती: 'नैसर्गिक अधिवासातील नाग'.

मी पंचवीसेक वर्षं मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या अंगाखांद्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांचे फोटो काढत फिरतोय. एवढ्या काळात जे नाग वाटेत आले, त्यातल्या बहुतेकांनी मला फणा दाखवलाच नाही. कुणी बांधावरून सरसर निघून गेला, कुणी उंदराच्या बिळात शिरताना शेवटचा हातभर तेवढा दिसला, कुणी पडक्या विहिरीच्या कपारीत ऊन खात पडलेला. नाग फणा काढतो तो जिवावर बेतल्यावर. मानेच्या फासळ्या ताणून तो समोरच्याला मागं सर म्हणतो. म्हणजे ज्याला आपण नागाचा फोटो म्हणतो, तो नागाचा आणि त्याच्यापुढं तीन फुटांवर उकिडवं बसलेल्या माणसाचा, असा दोघांचा फोटो असतो. माणूस तेवढा चौकटीत येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पकडलेल्या, साप धरायच्या आकड्यानं उचलून दगडावर मांडलेल्या सापाचा फोटो 'नैसर्गिक' म्हणून छापू नये, स्पर्धेला पाठवू नये आणि होता होईल तो काढूच नये. हे बोललं की उत्तर येतं, "सर, तुम्ही फार हळवे झालात. एका फोटोनं सापाचं काय झिजतंय?" सापाचं काय झिजतं ते पुढं सांगतो. आधी माणसाचं बघू, कारण मराठवाड्यात हा प्रश्न सापाच्या आधी माणसाचा आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासातून २०२० साली पुढं आला. वर्षाला सरासरी ५८ हजार. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. आकडे दिल्लीत लिहिले जातात. पान लागतं ते सोयाबीनची गंजी उचलणाऱ्याला, कडब्याच्या पेंढ्या ओढणाऱ्या बाईला, रात्रीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या गड्याला. (पान लागलं म्हणजे साप चावला. रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं.)

आता या माणसाला साप दिसतो कसा? बॅटरीच्या उजेडात, तुऱ्हाट्यांच्या ढिगाखाली, अर्धामुर्धा. कधी वीतभर पाठ, कधी नुसतं शेपूट. डोकं बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि आम्ही फोटोग्राफर मंडळी त्याला दाखवतो काय, तर डोकं. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, डोळा लख्ख, जिभेची दोन्ही टोकं लख्ख, मागचं सगळं अंग धुक्यात. आमच्यात त्याला 'काय बोके आलाय' म्हणतात. (बोके म्हणजे मागचं सगळं असं धूसर होणं.)

मण्यारीचं उदाहरण घ्या. विषारी मण्यार आणि कवड्या यांच्यात घोटाळा नेहमीचा. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीनं असतात. मानेजवळ ते पुसट किंवा मुळीच नसतात आणि शेपटीकडं ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचं उलटं: मानेकडं ठळक, शेपटीकडं विरत गेलेले. ओळखीची सगळी खूण अंगावर आहे आणि बक्षिसाच्या फोटोत आम्ही नेमकं तेच अंग पुसून टाकतो. विषारी घोणस आणि बिनविषारी डुरक्याचंही तसंच. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे ठसे तीन ओळींत नीट मांडलेले असतात. डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड, बोथट. हे बघायला साप वरून, पूर्ण आणि ज्या पाल्यापाचोळ्यात पडलाय त्यासकट दिसायला लागतो.

एकदा एका गावात माझे फोटो घेऊन गेलो होतो. जबडा वासलेली घोणस पडद्यावर आली तशी बायकांनी पदर तोंडाला लावले, पोरं मागं सरकली. मला वाटलं, परिणाम झाला. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे मामा जवळ आले.

"सर, ती तोंड वासलेली आमच्याकडं न्हाई."

"आहे हो मामा, सगळीकडं आहे."

"न्हाई. असली म्या कधी बघितली न्हाई."

त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, चहाला गेलो. आखाड्यामागं उसाचं पाचट पडलेलं. पाचटात एक घोणस होती, गोल वेटोळं घालून, वाळल्या पानाच्याच रंगाची. मामांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ही व्हय? ही तर रोजची हाय. अजगराचं पिल्लू." मी त्या दिवशी दीड तास बोललो होतो, साठ फोटो दाखवले होते आणि त्यातला एकही मामांना रोजच्या घोणशीची ओळख करून देऊ शकला नव्हता.

ओळखता आलं की हात घालावा, असा याचा अर्थ अजिबात नाही. आणि चावल्यावर फोटोसाठी सापाच्या मागं तर मुळीच जाऊ नये. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं आणि डॉक्टर ते लक्षणं बघून देतात. त्यांना सापाच्या फोटोची गरज नसते. सापाची ओळख कामाची आहे ती चावायच्या आधी, पेंढीखाली हात घालताना.

आता सापाकडं येतो, आणि इथं मी धुतल्या तांदळासारखा नाही हे कबूल केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची एप्रिलमधली दुपार. पाटोद्याकडचा मुरमाड उतार. दगड उलथता उलथता एका दगडाखाली फुरसं मिळालं. जागा फोटोच्या कामाची नव्हती. काटक्या, गुटख्याची फाटकी पुडी. चार पावलांवर मात्र दगडफुलाचे पांढरे-नारिंगी ठसे असलेला देखणा काळा खडक होता. आकड्यानं फुरसं उचललं आणि त्यावर नेऊन ठेवलं. ते लगेच कडेच्या सावलीकडं निघालं. परत आणलं. परत निघालं. आठ-दहा वेळा असं झालं. शेवटी ते वेटोळं घालून, खवल्यावर खवला घासत करवतीसारखा आवाज करत बसून राहिलं, आणि मला माझा फोटो मिळाला. एका स्पर्धेत दुसरं बक्षीस आलं. खाली मी लिहिलं होतं, 'नैसर्गिक अधिवासात'.

पुष्कळ वर्षांनी तोच फोटो मोठ्या पडद्यावर उघडला तेव्हा दिसलं की फुरशाचं तोंड किंचित उघडं आहे. त्या वेळी ते मला रागाचं वाटलं होतं, बक्षीसही बहुधा त्या 'आक्रमक भावा'लाच मिळालं असावं. पण सापाला घाम येत नाही. अंग तापलं की सावलीला जायचं, गार झालं की उन्हाला यायचं, एवढाच त्याचा इलाज; आणि तो इलाज मी त्याच्यापासून आकड्यानं पुन्हा पुन्हा हिसकावून घेतला होता. तापलेला सरपटणारा प्राणी तोंड उघडून बसतो. खडक किती तापला होता हे मला नीट आठवतं, कारण कोपराखाली घ्यायला मी गाडीतून टॉवेल आणला होता.

मी केलं ते कमीच, असे प्रकार सर्रास चालतात. साप शांत बसावा म्हणून त्याच्यावर टोपली पालथी घालून ठेवतात. काहीजण बर्फाच्या डब्यात गार करून बाहेर काढतात, मग तो हलत नाही आणि फोटो 'निवांत' येतो. दगड उलथून तसेच टाकून जाणं हे तर कुणाच्या हिशोबातही नाही. बेसॉल्टच्या माळावर मे महिन्यात दगडाखालची ती वीतभर ओल म्हणजे पालींचं, विंचवांचं घर. पालीची अंडी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवलेली असतात. दगड पालथा राहिला की ती दुपारपर्यंत उन्हात.

कायदा याबद्दल मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही; पकडणं, सापळा लावणं, हुसकावणं, आमिष दाखवणं हेही शिकारीतच धरलंय, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंसुद्धा. अभयारण्यात फोटो काढायला परवानगी लागते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं तिला अधिवासात कसलाही बदल न करण्याची अट जोडली. पण गौताळा, येडशी, नायगाव सोडले तर मराठवाड्यात अभयारण्यं किती? लातूरसारख्या जिल्ह्यात जंगल नावालाच. आमचे साप राहतात गायरानात, बांधावर, पडक्या गढीत, आखाड्यावर. तिथं गेट नाही, पावती नाही, गार्ड नाही. तिथं सगळं फोटो काढणाऱ्याच्या मनावर आहे, म्हणून तर हा लेख.

आता माझ्या विरोधातलं जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे. सर्पमित्र पोरांचं म्हणणं असं: आम्ही रात्री दोनला स्वतःचं पेट्रोल घालून जातो, लोक काठी घेऊन उभे असतात, आम्ही साप जिवंत बाहेर काढतो, सोडताना चार फोटो घेतले तर तुमच्या पोटात का दुखतं? माझ्या पोटात दुखत नाही. ही पोरं नसती तर दर पावसाळ्यात किती धामणी ठेचल्या गेल्या असत्या याचा हिशोब नाही. पण सोडायला नेलेली बरणी उघडायच्या आधी तीन कॅमेरेवाले मित्र फोन करून बोलावले जातात, अर्धा तास त्या थकलेल्या जनावराला उभं करायचा खेळ चालतो आणि मग खाली 'नैसर्गिक अधिवास' लिहिलं जातं, ते खटकतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त इथं नागोबा बरणीत आणि आयतं कॅमेरेवाल्यांना. सोडतानाचा फोटो घ्यायचा तर घ्या, पण जाणाऱ्या सापाचा घ्या, पाठमोरा, आणि खाली लिहा: 'पकडून सोडलेला'. दोन शब्द. ते लिहायला लाज वाटत असेल तर लाज कशाची वाटतेय ते ज्याचं त्यानं बघावं.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. लांबून फोटो काढायला लांब लेन्स लागते आणि चारशे मिलिमीटरची लेन्स ही शेतकऱ्याच्या पोराला परवडणारी चीज नाही. त्याच्या हातात बारा हजारांचा मोबाईल. त्याला सुंदर फोटो हवा असेल तर जवळच जावं लागणार, आणि जवळ गेला की एक दिवस हात फसणार. नीतीच्या गप्पा हे लांब लेन्सवाल्यांचे चोचले आहेत, असं एकानं मला तोंडावर ऐकवलं. त्याचं चुकलं नाही. पण यातूनही उत्तर तेच निघतं: फोटो सुंदर म्हणजे काय हे ठरवणाऱ्यांनी बदलायला पाहिजे. पाच-सहा पावलांवरून मोबाईलनं काढलेला, ज्यात साप बोटाएवढा आणि भोवती बांध, बोरीचं झुडूप, नांगरट असं सगळं आहे, तो फोटो स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतो. मी मागितला तर तोच मागेन. त्या फोटोत साप कुठं राहतो हे तरी कळतं.

परीक्षकांना फसवणं अवघड असतं असंही नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी मारणारा लांडगा पहिला आला होता. तो शिकवलेला लांडगा असावा असं ठरून पुढच्या वर्षी बक्षीस काढून घेतलं. २०१७ च्या एका विजेत्या फोटोतला मुंगीखाऊ तर भुसा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. तिथं ही गत, तर आमच्याकडं परीक्षक बहुधा लग्नाचे फोटो काढणारे असतात. लग्नातही सगळे मांडूनच उभे केलेले असतात म्हणा.

शास्त्रासाठी साप हातात घ्यावा लागतो, खवले मोजावे लागतात, हे मान्य. ते परवानगी घेऊन करणारे लोक वेगळे आणि त्यांचे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे जागा. मांडूळ हा बिचारा मातीत राहणारा, उंदीर खाणारा, बिनविषारी साप. शेपूट डोक्यासारखं बोथट म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. कुणी त्याच्यात गुप्तधन बघतं, कुणी औषध, आणि वजनावर लाखांच्या गोष्टी होतात. महाराष्ट्रात मांडुळाच्या तस्करीच्या बातम्या सतत येतात. या धंद्यात माल दाखवायची पद्धत काय, तर फोटो आणि व्हिडिओ. आता एखाद्या हौशी पोरानं आपल्या गावच्या ओढ्याचं नाव टाकून मांडुळाचा फोटो चढवला, तर त्यानं फुकटात दलाली केली. चीनमध्ये १९९९ साली एका देखण्या पालीचं शास्त्रीय वर्णन छापून आलं, सापडल्याच्या जागेसकट; पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तो लेख वाचला आणि काही वर्षांत त्या जागेवरून ती पाल संपली. म्हणून जागा लपवावी. जिल्हा लिहिला तरी पुष्कळ. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, पण मोबाईलच्या फोटोतच अक्षांश-रेखांश शिवलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते गळतात. 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की सगळेच्या सगळे समोरच्याला पोचतात. आणि आमची मंडळी क्वालिटीबद्दल फार हळवी.

हे सगळं 'करू नका'चं झालं. मग करायचं काय, तर बसायचं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सापानं नव्हे, सरड्यानं. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, माळावरच्या दगडावर नर सरडा चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो: निळा, काळा, नारिंगी. सगळा माळ करड्या रंगाचा आणि मध्येच हा. दख्खनच्या या पंखेवाल्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली शास्त्रज्ञांनी शास्त्रीय नाव दिलं तेही 'सरडा'च. आपला मराठी शब्द लॅटिनच्या रांगेत जाऊन बसला. हा सरडा पकडला तर पंखा उघडत नाही. आकडा, टोपली, बर्फ, काही उपयोग नाही. त्याचा पंखा दुसऱ्या सरड्यासाठी असतो, आपल्यासाठी नाही. आपण एवढंच करू शकतो, की आपण नाही असं त्याला वाटेपर्यंत पडून राहायचं.

आष्टीकडच्या एका गायरानात मी असा पालथा पडलो होतो. बाजूनं शेळ्या घेऊन एक मामा आले.

"काय हुडकायलाव, सर? लांबडं हाय का?"

"नाही मामा, सरडा."

"सरड्याचा फोटू?" ते थोडा वेळ उभे राहिले. "सरड्याची धाव कुपाटीपस्तोर. त्याला काय बघायचं?"

शेळ्या पुढं गेल्या, मामा मात्र बसले. बिडी काढली, पेटवली नाही. वीसेक मिनिटांनी पलीकडच्या दगडावर दुसरा नर चढला आणि आमच्या सरड्यानं पंखा उघडला. मामा काही बोलले नाहीत. साठीचा माणूस, जन्म त्याच माळावर गेलेला. मग उठताना म्हणाले, "ह्यो रोज असा करतो व्हय?" तो माळ कागदोपत्री पडीक आहे. उद्या कुणी त्यावर काही उभं करायला निघालं, तर तिथं काय राहतं हे सांगायला माझ्या दगडफुलावरच्या फुरशाचा उपयोग शून्य, कारण तो खडक मी निवडला होता. त्या सरड्याच्या साध्या फोटोचा थोडा तरी होईल.

यंदाच्या पंचमीला मीही एक फोटो पाठवला. आमच्याच आखाड्यावरची कडब्याची गंजी, खालच्या दोन पेंढ्यांच्या मधून नागाचा हातभर भाग दिसतोय, गव्हाळ, कडब्याहून जरासा गडद. फणा नाही, डोकं नाही. लांबून काढलेला. कुणी अंगठा दाखवला नाही. संध्याकाळी एका पोरानं, त्या सतरातले दोन फोटो ज्याचे होते त्यानंच, लिहिलं, "सर, यात साप कुठंय?"

मी लिहिलं, हुडक.

रात्री त्याचा फोन आला. त्याला सापडला नव्हता. मोबाईल आईच्या हातात दिला तर तिनं चुलीपुढून उठता उठताच बोट ठेवलं म्हणे. कडबा तीच काढते.